माडाच्या आळ्यातली तुळस

"बाबा, हय येवा! बेगीन येवा, काय रुजलासा बघा!"

सुनेची, संचिताची, हाक न्हाणीच्या मागून आली आणि घरापुढच्या खळ्यात सुंभ वळत बसलेल्या गंगारामचे हात थांबले. न्हाणीच्या मागे एकच माड होता. त्या माडाच्या आळ्यात काय रुजलं असेल, याचा अंदाज घरात फक्त त्यालाच येण्यासारखा होता. गुडघे दुखत असल्याचं निमित्त करून तो जमेल तितका हळू चालत गेला.

आळ्यात एका बाजूला हिरव्या कोंबांची दाटी झाली होती. प्रत्येकाला दोन-दोन गोल पानं. रोज सकाळी जिथे ग्लास उपडा होत होता, नेमकी तीच जागा.

"तुळशीची रोपां!" संचिता उकिडवी बसून ती निरखत होती. "आपसूक रुजली, बाबा. आपली तुळस पावसान कुजली, तेव्हापासून माझ्या जीवाक बरा वाटी नाय होता. देवाकच आपली काळजी."

जन्म शेतीत गेलेल्या माणसाला कोवळा कोंब ओळखता येतो. पण संचिताच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू फुललं होतं, आणि त्या हसण्यासमोर गंगारामच्या तोंडून एवढंच निघालं, "व्हय गो, तुळसच ती." हे चार शब्द पुढे त्याला फार जड गेले.

भानगड सुरू झाली होती गणपती होऊन गेल्यावर. कणकवलीच्या डॉक्टरांनी गंगारामची साखर बघून भात कमी करायला सांगितला आणि पेज बंद. आता मालवणी मुलखातल्या शेतकऱ्याला पेज बंद म्हणजे काय, ते सांगणाऱ्याला काय कळणार? सकाळी दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची ऊन ऊन पेज आणि सोबत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा, यावर त्याची हयात गेलेली. मुलगा सुदेश गोव्याला नोकरीला, पंधरवड्याने येणारा. म्हणजे सासऱ्याचं पथ्य सांभाळणं एकट्या संचितावर आलं. ती कणकवलीच्या एका पतसंस्थेत कामाला होती. तिथल्या अक्षयाने तिला चियाची वाट दाखवली, आणि एका संध्याकाळी पर्समधून काळ्या-करड्या बारीक दाण्यांची बरणी घरात आली.

"सबजो?" गंगारामने विचारलं होतं.

"सबजासारखोच, पण चिया म्हणतत तेका. पोट भरल्यासारखा वाटता, मगे भाताची आठवण येणा नाय. ह्यो घेवा आणि वांगडा नाचण्याची भाकरी खावा."

रात्री ती चमचाभर दाणे पाण्यात भिजत घालायची. सकाळी वर लिंबू पिळून, ग्लासवर वाटी झाकून तो पडवीच्या ओट्यावर ठेवायची आणि मगच बस गाठायला धावायची. गंगारामने दोन दिवस तो इमानदारीत प्यायला. तिसऱ्या दिवशी त्या बुळबुळीत दाण्यांकडे बघताना त्याला वाफ्यातल्या पाण्यातली बेडकांची अंडी आठवली, आणि ग्लास माडाच्या आळ्यात गेला. मग त्याने तो धुतला आणि ओट्यावर उपडा घातला. तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या काशीबाईची हाक आली, "भावजी, वायच पेज पिवक येतास?" पेजेचा वास तर हाकेच्या आधीच येऊन पोचला होता.

तेव्हापासून रोजचं हेच. ग्लास माडाला, पेज गंगारामला.

आळ्यात रुजलेल्या त्या कोंबांतलं एक रोप निवडून संचिताने रिकाम्या वृंदावनात लावलं. संध्याकाळी ती दमून यायची, अंधार पडलेला असायचा, तरी हातपाय धुऊन आधी रोपाला पाणी आणि दिवा. दिवा लावून ती क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. गंगाराम त्या वेळी मुद्दाम गोठ्याकडे जायचा. आपण फेकून दिलेल्या दाण्यापुढे सून हात जोडून उभी आहे, हे त्याला बघवत नसे.

दिवाळीनंतर रक्त तपासलं, तर साखर उतरायच्या ऐवजी चढलेली. डॉक्टरांनी विचारलं, "पथ्य पाळताय ना?"

गंगाराम तोंड उघडणार, तोच संचिता म्हणाली, "एक दिवससुद्धा चुकत नाहीत, डॉक्टर. मी घरी येते तेव्हा ग्लास धुऊन उपडा घातलेला असतो."

डॉक्टरांनी गोळी वाढवली. परतीच्या बसमध्ये कसाल गाव येईपर्यंत संचिता खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "माझाच खंयतरी चुकता, बाबा. तुमी एवढा सगळा करतास आणि गुण कसो नाय? आजपासून मियां पण भात सोडतंय. तुमच्यासमोर बसान एकटीन भात खावचो माका बरो दिसणा नाय."

संचिताला पेज किती आवडते, हे गंगारामला ठाऊक होतं. रविवारी ती पातेल्याच्या तळाची घट्ट पेज चमच्याने खरवडून खायची. त्याला स्वतःची लाज वाटली. उद्यापासून काशीबाईच्या दारात पाऊल टाकायचं नाही, असं त्याने बसमध्येच ठरवलं. दुसऱ्या दिवशी अर्धा ग्लास कसाबसा प्यायलाही. मग दहा वाजले, हाक आली, आणि त्याचे पाय त्याच्या आधी गडग्याकडे निघाले. त्या दिवशी पेज घशाखाली उतरताना पहिल्यांदाच टोचली. तरी वाटी मात्र रिकामी झाली.

इकडे वृंदावनातलं रोप हातभर झालं. पानं रुंद झाली, त्यांच्या कडांना दाते आले. काशीबाई एकदा वाकून बघून म्हणाली, "ही खंयची गो तुळस?" संचिताने ती दुसऱ्या जातीची असेल म्हणून विषय संपवला. पण एका संध्याकाळी तिने पान चुरडलं, नाकाशी धरलं आणि हिरमुसून म्हणाली, "वास नाय हिका. माझ्याच हाताक गुण नसतलो, बाबा."

गंगारामने तेव्हाच बोलायला हवं होतं. तो उठून गोठ्याकडे गेला.

तुळशीच्या लग्नाचा दिवस उजाडला. घरातला वडीलधारा म्हणून लग्न त्यालाच लावायचं होतं. चियाच्या झाडाचं लग्न लावायला मात्र त्याचं मन धजेना. संचिता कामावर गेल्यावर तो काशीबाईकडे गेला आणि पेजेऐवजी तुळशीचं रोप मागून आणलं. चियाचं झाड मुळासकट अलगद उपटलं, तुळस लावली, माती दाबली. हात धुवायला उठतो तर अंगणात संचिता उभी. अर्ध्या दिवसाची रजा काढून ती आली होती. काखेत ऊस, पिशवीत चिंचा आणि आवळे.

"ह्यां काय केलात?"

"ती तुळस नाय होती गो."

"मगे?"

गंगारामने बाजूला ठेवलेलं झाड उचललं. "चिया," तो म्हणाला. "तुझोच. मियां आळ्यात ओती होतंय."

संचिताने झाडाकडे बघितलं. मग माडाकडे, मग ओट्यावरच्या उपड्या ग्लासाकडे. "रोज?"

"रोज."

"आणि पोटाक?"

"काशीवयनीकडे पेज."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उसाचं ओझं खाली ठेवून म्हणाली, "मियां हिच्यापुढे दिवो लावन सांगी होतंय, बाबांची साखर उतरू दे म्हणान." मग तिने त्याच्या हातातलं झाड घेतलं. दिवा लावलेलं झाड टाकून द्यायला तिचा हात होईना. माडाच्या आळ्यात खड्डा करून तिने ते लावलं आणि घरात निघून गेली.

संध्याकाळी लग्न लागलं. तिने हळदकुंकू, अक्षता, नैवेद्य सगळं वेळच्या वेळी त्याच्या हाताशी दिलं. फक्त एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर ग्लास नव्हता.

संचिता बस पकडून गेल्यावर गंगारामने फळीवरची बरणी काढली आणि चमचाभर दाणे पाण्यात भिजत घातले. दाणे फुगेपर्यंत शेजारी बसून राहिला. ग्लास तोंडाला लावणार, तेव्हा त्याच्या मनात आलं, आता हा पिऊन, धुऊन, उपडा घातला तरी खरं कोण मानणार? धुतलेला ग्लास तर ती रोजच बघत होती.

त्याने ग्लास खाली ठेवला आणि वर वाटी झाकली.

दहाला हाक आली. "नको वयनी," तो गडग्याअलीकडूनच म्हणाला. "आजपासून नको." दुपारी भाकरी खाल्ली. उन्हं कलली, तसा ग्लास घेऊन तो खळ्याच्या पायरीवर येऊन बसला.

बस थांब्यावर लागली. थोड्या वेळाने संचिता कुंपणाच्या बेड्यातून आत आली आणि त्याला बघून थांबली. गंगारामने वाटी काढली. दोन्ही हातांनी ग्लास उचलला.

ती त्याच्या बाजूने आत निघून गेली. गंगारामने मान खाली घातली.

मग ती बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात चमचा होता.

"ढवळून घेवा," ती म्हणाली. "तळाक बसलो आसतलो."

आणि ग्लास रिकामा होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.