पस्तीस रत्तल

अप्पा गेल्यावर दोन महिन्यांनी शिवशरणचा पुण्याहून फोन आला, की गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. अक्कलकोटचे संगप्पा, कापडाचे व्यापारी, रविवारी सकाळी येऊन घेऊन जातील. माझ्या धाकट्या भावाचं काही चुकत नव्हतं. अव्वा, म्हणजे आमची आई, आणि मी, सोलापुरात मागं उरलेल्या दोघी, ती जुनी विलायती गाडी दारात ठेवून काय करणार होतो? त्या साली पेट्रोलचे भाव असे चढले होते, की भल्याभल्यांनी सायकली काढल्या होत्या.

मला फक्त रविवारच्या आत ती एकदा चालवायची होती.

लायसन्स माझ्याकडं कधीचं होतं. ते मिळालं त्या दिवसापासून अप्पा म्हणत, "स्टिअरिंगला ढील आहे, थोडं रिकामंच फिरतं. ते नीट झालं की गाडी तुझ्या हातात." मिलमध्ये विव्हिंग मास्तर असलेला हा माणूस, एक धागा तुटला तर माग थांबवायला लावणारा, घरच्या गाडीचं काम मात्र पुढच्या महिन्यावर ढकलायचा. शेवटी त्यांनी मुंबईहून स्टिअरिंगचे नवे सांधे मागवले. पार्सल आलं तेव्हा ते दवाखान्यात होते.

शनिवारी मी राजेसाबना बोलावलं. विजापूर वेशीजवळ त्यांचं मोठं गॅरेज. अंगानं स्थूल, पान खाऊन ओठ लाल, आणि बोलण्यात सगळ्या सोलापूरच्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. त्यांनी गाडीखाली सरकून जुने सांधे ठोकून काढले, नवे बसवले आणि पाना हातात घेतला.

"थांबा," मी म्हणाले. "हे नट किती आवळायचे ते पुस्तकात असेल."

"पुस्तक कशाला, ताई? ह्यो हात हाय की."

"गेल्या उन्हाळ्यात त्याच हातानं आमच्या पंपाचा नट तोडलात," अव्वा ओट्यावरून म्हणाली. ती शेंगा फोडत बसली होती.

"तो नटच कच्चा होता, भाभी!"

"व्हय व्हय. तुमच्या हाताखाली आलं की सगळंच कच्चं निघतंय."

राजेसाब हसले आणि पाना खाली ठेवून पानाचा डबा उघडला. "बघा तुमचं पुस्तक. तवर मी बसतो."

गाडीसोबत आलेलं ते दुरुस्तीचं पुस्तक अप्पांच्या कपाटात होतं. अप्पा हातात पेन्सिल असल्याशिवाय वर्तमानपत्रसुद्धा वाचत नसत. म्हणून पुस्तक उघडताना मी जरा सावकाश उघडलं. कुठं एखादी खूण असेल, समासात एक शब्द असेल. निदान तेलकट अंगठा. काहीच नव्हतं. काही पानांच्या कडा छापखान्यातून आल्यासारख्या अजून चिकटलेल्या होत्या. त्यांनी ते कधी वाचलंच नव्हतं. मी चाकू आणून पानं सोडवली.

स्टिअरिंगचं प्रकरण मोठं होतं. कोणता भाग आधी काढावा, कोणता कशाच्या मागं, वंगण कुठं, सगळं शांत, सभ्य इंग्रजीत. नटापाशी आलं की मात्र एवढंच वाक्य: ठरवून दिलेल्या मापाइतकं आवळावं. माप नाही. मी पुढच्या चाकांचं प्रकरण वाचलं, सूची पाहिली, पुन्हा स्टिअरिंगकडं आले. दुपार कलली. कॉलेजच्या ग्रंथालयात रोज दुसऱ्यांना पानं काढून देणारी मी. आज एक आकडा सापडत नव्हता आणि माझे डोळे उगाच भरून येत होते.

आकडा सापडला तो अगदी सुरुवातीला, एंजिनाच्या आणि टायरच्या मापांबरोबर छापलेल्या एका तक्त्यात. पस्तीस फूट-पाउंड.

"म्हणजे काय म्हणायचं?" राजेसाबनी विचारलं.

"एक फूट लांबीचा पाना, आणि त्याच्या टोकाला पस्तीस रत्तलांची ओढ."

"रत्तल म्हणा की मग." ते उठले. "ते मोजायचं हत्यार सोलापुरात कुणाकडं न्हाय. पण ओढच मोजायची ना? स्प्रिंगचा ताणकाटा लावू."

भवानी पेठेत अव्वाच्या माहेरचं सुताचं दुकान होतं. किलो आल्यावर रत्तलांचा जुना ताणकाटा मामांनी माळ्यावर टाकला होता. राजेसाब जाऊन तो घेऊन आले. फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला त्यांनी काट्याचा हूक अडकवला आणि ओढायला लागले. मी गाडीखाली वाकून सुई वाचत होते.

"तीस. बत्तीस. चौतीस. पस्तीस. बस्स!"

"लई जड गेलं हो," राजेसाब कपाळ पुसत म्हणाले. "पस्तीसला एवढं लागत न्हाय. म्हातारा झालो का काय मी?"

त्यांनी काटा सोडवून ओट्याच्या कडेला टांगला. अव्वानं मान वाकडी करून त्याच्याकडं पाहिलं, आणि हातातल्या शेंगा ताटात टाकून ती हसायला लागली. अप्पा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

"अगं शहाण्यांनो, सुई बघा की कुठाय. शून्याच्या खाली! दुकानात सूत टोपलीत घालून तोलतात. टोपलीचं वजन आधीच वजा करून ठेवलेलं असतंय. माझ्या वडलांनी सगळे काटे तसेच लावले होते."

म्हणजे आम्ही एका टोपलीइतकं जास्त आवळलं होतं. राजेसाबनी नट ढिला केला, सुई शून्यावर आणली, आणि आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी अव्वा ओट्यावरून खाली येऊन माझ्या शेजारी वाकली आणि आकडे तीच मोठ्यानं म्हणाली. नट सुटू नये म्हणून त्यात घालायच्या पिनेच्या भोकासमोर नटाची खाच येईपर्यंत आणखी थोडं आवळायचं, मागं मात्र घ्यायचं नाही, असं पुस्तकात होतं. तसंच केलं.

रविवारी उजाडता उजाडता मी गाडी काढली. अव्वा तिच्या नेहमीच्या जागी, मागच्या सीटवर बसली. रस्ते मोकळे होते. बाळीवेस ओलांडून तुळजापूर रस्त्याला लागलो आणि मी स्टिअरिंग थोडं उजवीकडं, थोडं डावीकडं करायला लागले. गाडी रस्त्यावर झोकांड्या खाऊ लागली.

"अगं ए! म्हैस आली का आडवी?"

"नाही. अप्पा असंच चालवायचे."

अव्वानं पुढच्या सीटच्या पाठीवर हात टेकले.

"ढील होती म्हणून तसं करायचे," ती म्हणाली. "आता कशाला? गप धर की."

मी गप धरलं. गाडी सरळ निघाली. दुसऱ्या कुठल्याही गाडीत माझे हात असे वागले नव्हते; या सीटवर बसल्यावर ते आपोआप त्यांचे झाले होते. त्यांचे ते सतत हलणारे हात मी लहानपणापासून मागून पाहत आले होते, आणि मला वाटायचं, चालवणं म्हणजे तेच. आता हातांना कामच नव्हतं. नाक्यापाशी गाडी वळवली, तर तीही एका हातानं वळली.

आम्ही परतलो तेव्हा संगप्पा दारात उभे होते. त्यांनी आत बसून चाक दोन्ही बाजूंना फिरवून पाहिलं, मग गल्लीत थोडं पुढं-मागं केलं.

"जुन्या गाडीत असलं स्टिअरिंग बघाया मिळत न्हाय," ते उतरून म्हणाले. "साहेबांनी लई जपल्याली दिसतीय."

मी अव्वाकडं पाहिलं. तिनं पदर खांद्यावरून पुढं घेतला.

"हो," ती म्हणाली. "ढिलं काही त्यांना खपायचंच नाही."

संगप्पांनी मान डोलावली. गाडी सुरू झाली. गल्लीच्या तोंडापर्यंत ती अगदी सरळ गेली.