एकाच नावाची गाणी

"काका, बाकीची गाणी कुठे ठेवलीत?" इरुपेने विचारलं.

"तिथेच आहेत की! अडतीस सीड्या घातल्यात मी, एकेक करून."

इरुपे मोन्तेविदेओच्या वाचनालयात दर मंगळवारी निवृत्त माणसांना कॉम्प्युटर शिकवायची. तिने पडदा शेजारी बसलेल्या विल्मारकडे वळवला. फायली अठराच होत्या. मग तिने त्याने लिहिलेली शेल स्क्रिप्ट, कॉम्प्युटरला दिलेल्या हुकमांची फाइल, उघडली. जेमतेम नऊ ओळी. सीडी वाच, प्रत्येक गाण्याची फाइल कर, 'झालं' असं दाखव, ट्रे उघड. चाळीस वर्षं बसडेपोत तिकिटं फाडलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा असं काही लिहिलं होतं, आणि ते चाललंही होतं.

एका ओळीपाशी तिचं बोट थांबलं.

"पहिल्या गाण्याला तुम्ही 'गाणे-१' नाव दिलंत, दुसऱ्याला 'गाणे-२'."

"मग? चुकलं काय?"

"सीडी बदलली तरी नावं तीच राहिली, काका. नवं गाणं जुन्यावर लिहिलं गेलं. शेवटची सीडी तेवढी उरली." त्याचा चेहरा पाहून ती घाईने म्हणाली, "अहो, एवढं काही नाही. सीड्या घेऊन या, मी बसते तुमच्याबरोबर."



विल्मारची बायको नेलिदा एकोणीस वर्षं वस्तीच्या गायनमंडळात गायली. प्रत्येक कार्यक्रमाच्या सीडीवर ती स्वतः तारीख घालायची. ती गेली, घर सोडून एका खोलीत जायची वेळ आली, तेव्हा त्याने पहिली सीडी लावून पाहिली. दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज आला. त्याने घाबरून ती बंद केली. आणखी सदतीस वेळा हे त्याच्याच्याने होणार नव्हतं. न ऐकता गाणी जपता यावीत, म्हणून तर तो हे शिकायला आला होता. आवाज पूर्ण बंद ठेवून त्याने तीन दिवस सीड्या घातल्या, 'झालं' वाचलं, काढल्या.

शेवटची सीडी नाताळची होती, सगळ्यांत मोठी. त्या वर्षी नेलिदाचा घसा बसला होता. ती श्रोत्यांत बसून टाळ्या वाजवत होती. हे त्याने इरुपेला सांगितलं नाही.

तो उठला आणि दुपारच्या बसने कानेलोनेसला गेला. नेलिदाच्या धाकट्या भावाचा, दार्दोचा, तिथे द्राक्षमळा होता. गाणी उतरली असं समजून सगळ्या सीड्या विल्मारने दोन महिन्यांपूर्वी त्यालाच देऊन टाकल्या होत्या.

"दाजी! असे अचानक?" दार्दो बांधावरूनच ओरडला. "बघा की, ताईच्या सीड्यांनी कशी राखण केली! यंदा एक पाखरू फिरकलं नाही."

वेलींवरच्या तारांना सीड्या लोंबत होत्या. तापल्या खिळ्याने प्रत्येकीच्या कडेला आरपार भोक पाडलेलं होतं. विल्मारने एक उलटी करून पाहिली. जानेवारीच्या, तिथल्या भर उन्हाळ्याच्या, उन्हाने चंदेरी थर सोलून निघाला होता. त्यातून पलीकडची पानं दिसत होती.

त्याने तुटक शब्दांत काय झालं ते सांगितलं. दार्दोच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी विचारायला पाहिजे होतं हो, दाजी. आत्ता उतरवतो सगळ्या." त्याने खिशातून चाकू काढला, एका सीडीची दोरी कापून ती विल्मारच्या हातात दिली आणि पुढच्या तारेकडे वळला.

"राहू दे," विल्मार म्हणाला.

"अहो, पण..."

"द्राक्षं उतरायचीत ना अजून? राहू दे."

हातातली सीडी त्याने पुन्हा तारेला बांधली आणि गाठ घट्ट बसली का, ते दोनदा ओढून पाहिलं.