मान धरायची माझी नोकरी

मी साउथहॅम्प्टनमधल्या एका बैठकीच्या खोलीतून, खुर्चीच्या मागून बोलतोय. माणसाएवढा उंच आहे, लोखंडाचा आहे, खाली तीन पाय आणि वर दोन वाकडी बोटं. घरी आलेले पाहुणे आधी माझ्यावर कोट अडकवतात आणि मग विचारतात, हे नक्की आहे काय? उत्तर देणारे दरवेळी वेगळं उत्तर देतात. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकावं.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका ओतशाळेत झाला, घोडागाड्यांच्या काळात. तिथून मला टॅपस्कॉट नावाच्या फोटोग्राफरनं इथे आणलं. बंदराजवळच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, काचेच्या छपराखाली त्याचा स्टुडिओ होता. तेव्हा फोटो काढायचा म्हणजे काचेवर चिकट औषध ओतायचं, काच ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि ती वाळायच्या आत धावत जाऊन धुवायची. काच उजेड हळूहळू प्यायची. तोवर समोरच्यानं पुतळ्यासारखं बसायचं.

पण माणूस कसला पुतळ्यासारखा बसतो. तो जांभई देतो, खाकरतो, दुसऱ्याचा फोटो कसा येतोय ते बघायला वळतो. म्हणून मी. गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहायचं आणि दोन बोटांनी कानांमागून डोकं धरायचं. कप्तान, पाद्री, नवऱ्या मुली, दारूचे व्यापारी, सगळ्यांच्या माना मी धरल्या. जुन्या फोटोंतले लोक इतके गंभीर का दिसतात, याची मोठमोठी कारणं सांगतात. माझी बोटं थंडगार होती, हे त्यातलं एक आहे.

टॅपस्कॉट मात्र ओल्या काचेला कंटाळला होता. औषधांनी त्याची नखं कायमची काळी झाली होती. कुणाच्या घरी फोटोला जायचं तर काळा तंबू, बाटल्या आणि पाण्याचं पिंप हातगाडीवर लादून न्यावं लागे. एकदा तर लोक त्याला औषधविक्या समजून खोकल्याचं औषध मागायला जमले. मग त्याच्या वाचनात आलं, की जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार मिसळून काचेवर थर दिला तर तो वाळला तरी चालतो. काच आज करून ठेवा, पुढच्या महिन्यात वापरा.

हा शोध त्याचा नव्हता. पण तो शोध शिजवायला कुणीतरी लागतंच, आणि टॅपस्कॉटनं तो बायकोच्या स्वयंपाकघरात शिजवला. हॅरिएट, त्याची बायको, शांत बाई होती. तिची पातेली एकेक करून तळघरात गेली. एकदा तांबड्या दिव्याच्या अंधुक उजेडात त्यानं चुकून तिची लिंबाची जेली काचांवर फासली आणि त्या काचांवर एका कप्तानाला पूर्ण गणवेशात बसवलं. काचांवर काहीच उमटलं नाही. कप्तान संतापला, आणि रात्रीच्या जेवणाला गोड नव्हतं म्हणून हॅरिएटही.

त्याच्या पहिल्या कोरड्या काचा फार सुस्त होत्या, ओल्या काचेहूनही सुस्त. मी मनातून खूश होतो. काच जितकी सुस्त, तितकी माझी गरज जास्त. पण पुढे इतर फोटोग्राफरांकडून बातमी आली, की मिश्रण काही दिवस कोमट ठेवून मुरू दिलं की ते चपळ होतं. टॅपस्कॉटनं ते पातेलं दुलईत गुंडाळून चुलीजवळ ठेवलं, आजारी मुलासारखी त्याची काळजी घेतली. त्यातून ज्या काचा झाल्या त्या त्यानं खोक्यांत भरून आसपासच्या गावांतल्या फोटोग्राफरांना विकल्या. ज्यांना तंबू आणि हातगाडी परवडत नव्हती असे लोकही त्याच्या काचांमुळे फोटो काढू लागले. हे त्याचं काम, आणि ते मोठं काम होतं, हे मी त्याचा शत्रू असूनही कबूल करतो.

शत्रू कसा? तर एका सकाळी त्यानं एका लहान मुलीला खुर्चीवर बसवलं, कॅमेऱ्याचं झाकण काढलं न काढलं तोच परत लावलं, आणि फोटो आला. त्यात मुलगी हसत होती. सगळ्या स्टुडिओत आनंदीआनंद झाला. मला उचलून बोळात ठेवण्यात आलं, आणि दुपारपर्यंत माझ्यावर एक ओली छत्री लटकत होती.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. टॅपस्कॉट म्हातारा होऊन गेला, स्टुडिओ गेला. मी टोपीवाल्याकडे टोप्या धरल्या, एका पाद्र्याच्या बागेत वालाचे वेल धरले. डोकं कुणी दिलं नाही. शेवटी एका गॅरेजमध्ये गंजत पडलो आणि तिथून, सन दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात, लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या कार बूट सेलच्या मैदानावर येऊन उभा राहिलो.

तिथे मला कमलाकर भेटले. इथल्या हॉस्पिटलात त्यांनी आयुष्यभर हाडांची ऑपरेशन्स केली होती आणि आता ते निवृत्त होते. माझ्याभोवती एक फेरी मारून त्यांनी निदान केलं, की हे मानेला ताण द्यायचं जुनं उपकरण आहे. विकणाऱ्यानं किंमत सांगितली. कमलाकरांची मान डावीकडून उजवीकडे हलली. त्यानं किंमत उतरवली. मान पुन्हा हलली. बिचारा उतरवतच गेला. शेवटी कमलाकरांनाच संकोच वाटला आणि त्यांनी घाईनं पैसे दिले.

ते नाही म्हणत नव्हते. त्यांची मान आपोआपच हलायची. काही वर्षांपूर्वी आधी हात थरथरू लागले, म्हणून त्यांनी ऑपरेशन्स सोडली. मग मान. त्याचा त्यांना बाजारात फायदा होई आणि लोकांच्या घरी तोटा. सुचेताबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, जेवायला गेल्यावर यजमानांना आधीच सांगून ठेवायच्या, की यांना वाढत राहा, मानेकडे बघू नका.

या सगळ्यावर ते स्वतःही विनोद करायचे. फक्त फोटोचं नाव काढलं की विनोद संपायचा. कॅमेरा बाहेर आला की ते चहा टाकायला उठायचे. मी या घरात आलो तेव्हा भिंतीवर मुलाचं लग्न होतं, नातीचे वाढदिवस होते, क्रूझवरच्या सुट्ट्या होत्या, आणि अलीकडच्या एकाही फोटोत कमलाकर नव्हते. फोटो काढणारेच ते, असं सांगितलं जाई.

पुढच्या ईस्टरला नात आली. अन्वी तिचं नाव, कॉलेजात फोटोग्राफी शिकत होती. आईवडील मिल्टन कीन्सला, पण हिला आजीआजोबांकडे राहून कॉलेजचा शेवटचा प्रोजेक्ट करायचा होता. मला बघून ती दारातच थांबली.

कमलाकरांनी तिला मानेच्या मणक्यांविषयी समजावायला सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, सॉरी, पण हा मेडिकल नाहीये. हा हेडरेस्ट आहे. व्हिक्टोरियन फोटोग्राफर लोकांची. फोटो काढताना डोकं होल्ड करतो."

एका दमात मी तिला पुल्लिंगी, स्त्रीलिंगी दोन्ही झालो, पण इतक्या वर्षांनी कुणीतरी ओळखलं. कमलाकरांना निदान चुकल्याचं वाईट वाटलं. जुने डॉक्टर दोन्हीसाठी वापरत असतील, असं ते दोन दिवस म्हणत राहिले.

अन्वीचा प्रोजेक्ट काय, तर घरी कोरड्या काचा बनवायच्या. माझी नोकरी घालवणारी तीच काच पुन्हा माझ्या घरात. तिनं सुचेताबाईंचं साबुदाणा भिजवायचं पातेलं घेतलं आणि जिलेटिन ढवळायला बसली. जिलेटिन कशाचं असतं, असं सुचेताबाईंनी सहज विचारलं. हाडांचं, असं तिनं तितक्याच सहज सांगितलं. सुचेताबाई कट्टर शाकाहारी. त्यांनी ओट्यापासून हात काढून घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"हाडांवरच आपलं घर चाललं," कमलाकर पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

ते पातेलं त्या दिवसापासून गॅरेजमध्ये गेलं. जिन्याखालच्या टॉयलेटाची डार्करूम झाली, आत तांबडा बल्ब लागला, दारावर काळा पडदा आला. घरातल्या सगळ्यांना वरच्या मजल्यावर जावं लागे आणि सुचेताबाईंचे गुडघे तक्रार करत. शनिवारी अन्वीचे आईवडील, यतीन आणि निधी, आले. एम-थ्री हायवेवरच्या ट्रॅफिकमधून सुटलेला यतीन बूटही न काढता थेट त्या दारात घुसला आणि त्यानं लाइट लावला. आतून अन्वीची किंकाळी ऐकू आली. उघड्या ठेवलेल्या सगळ्या काचा गेल्या. खोक्यात बंद होती ती एकच वाचली.

आणि दुसऱ्या दिवशी आजीआजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. अन्वीच्या मनात होतं, की तो फोटो आपल्या काचेवर काढायचा. नवीन मिश्रण करून, मुरवून, वाळवायला वेळ नव्हता. काच एक, फोटो एक.

रविवारी दुपारी बागेत खुर्च्या मांडल्या आणि अन्वीनं मलाही तिथे नेऊन ठेवलं. कमलाकर चहा टाकायला उठले.

यतीननं त्यांना समजावलं, की डिजिटल कॅमेऱ्यावर दहा काढू आणि एक निवडू. निधीनं सांगितलं, की कुणाला काही कळणारही नाही. ते हसले आणि किचनकडे वळले. तेव्हा सुचेताबाई खुर्चीत बसल्या बसल्याच म्हणाल्या, "अहो, पन्नास वर्षांच्या फोटोत मी एकटी बसले तर लोक मला विचारतील, डॉक्टर कधी गेले. मी काय सांगू, चहा करायला गेलेत?"

कमलाकर दाराशी उभे राहिले. त्यांची मान हलत होती, आणि या वेळी ते खरंच नाही म्हणत होते की काय, हे मलाही कळेना. मग त्यांनी अन्वीला विचारलं, "ते तुझं हेडरेस्ट नीट लावता येतं का तुला?"

"बघते. ट्राय करते."

"तू नको. मला दाखव, स्क्रू कुठे आहेत ते."

त्यांनी स्वतः माझे स्क्रू ढिले केले, उंची लावली, खुर्चीत बसले आणि डोकं मागे टेकवलं. अन्वीनं माझी बोटं कानांमागे सरकवली. काय सांगू, शंभर वर्षांत हातात डोकं आलं नव्हतं. सुरुवातीला त्यांची थरथर माझ्या दांड्यातून पायांपर्यंत उतरली. मी सगळं लोखंड एकवटून उभा राहिलो. हळूहळू ती कमी झाली, मग थांबली. कमलाकरांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला.

अन्वीची काच टॅपस्कॉटच्या पहिल्या काचांसारखीच सुस्त होती. तिनं सगळ्यांना बजावलं, की झाकण परत लावेपर्यंत कुणी हलायचं नाही. झाकण काढलं. यतीनच्या खिशात मोबाइल वाजला. त्यानं वाकून तो बंद केला. निधीनं त्याच्याकडे रागानं बघितलं. झाकण परत लागलं तेव्हा अन्वी रडकुंडीला आली होती.

टॉयलेटातून ती काच घेऊन बाहेर आली, तेव्हा सगळे दारात उभे होते. कमलाकरांनी ओली काच कडांनी धरली आणि सवयीनं खिडकीच्या उजेडात नेली, एक्स-रे बघावा तशी.

"यतीनला डोकं नाही," ते म्हणाले. "निधीचं आहे, पण पसरलंय." मग हळूच म्हणाले, "मान स्थिर आहे."

छापल्यावर मीही तो फोटो पाहिला. सगळ्या घरात एकच माणूस लख्ख आलाय. मिशीचा केस न् केस मोजता येईल. शेजारी सुचेताबाईंचे दोन चेहरे आलेत, एक कॅमेऱ्याकडे बघणारा, दुसरा नवऱ्याकडे. ते नीट बसलेत ना, हे बघायला त्या मधेच वळल्या होत्या. कॉलेजात त्या फोटोला काय मार्क मिळाले ते मी ऐकलं नाही. सुचेताबाईंनी तो देवघराशेजारी लावला आणि हाडांविषयी पुन्हा बोलल्या नाहीत.

फोटोत खुर्चीखाली माझा एक पाय दिसतो. आमच्या काळी तो खोडून टाकायची रीत होती. गिऱ्हाइकांना आधाराची लाज वाटायची. अन्वीनं विचारलं, की खालून कापून टाकू का. कमलाकर म्हणाले, राहू दे, तोही फॅमिलीतच आहे.

याला आता तीन वर्षं झाली. त्यांची थरथर वाढली आहे. संध्याकाळी ते खुर्ची माझ्यापुढे ओढतात, डोकं टेकवतात आणि बातम्या बघतात. कधी तिथेच त्यांना झोप लागते. मी जागा असतो, कामावर असताना मला झोपायची सवय नाही.

तुमच्या हाती कधी जुना फोटो आला, करारी चेहऱ्याच्या एखाद्या पणजोबांचा, तर चेहऱ्यावर फार वेळ घालवू नका. बुटांच्या मागे बघा. तिथे एखादा लोखंडी पाय दिसला, तर तो माझ्या भावंडांपैकी कुणाचा तरी असेल. त्याची नोकरी जाऊन जमाना झाला. नुसती ओळख दाखवलीत तरी त्याला बरं वाटेल.