बिनआवाजाचं गाणं

तुम्ही गाणं न ऐकताच नापास केलंत. तुमच्या गाण्यांच्या कंपनीचं नाव मी घेत नाही. तुमचं तुम्हाला बरोबर कळेल.

माझ्या ताईने आवाज घुमू नये म्हणून कपाटात, टांगलेल्या कोटांच्या मधोमध माईक धरून एक गाणं रेकॉर्ड केलं आणि तुम्हाला पाठवलं. तुमचं उत्तर आलं, 'आवाज गोड आहे, पण त्यात जीव नाही. वरच्या पट्टीत दम कमी पडतो.' ताईने ते वाचलं आणि गाणंच सोडलं. भांडी घासतानासुद्धा गुणगुणेना.

"अगं, घर मुकं झालंय," भावोजी म्हणाले. "निदान माझ्यावर तरी ओरड!"

ती ओरडलीही नाही.

काल मी हट्टाने ती पाठवलेली फाइल लावली. म्हटलं, बघू तरी दम कुठे कमी पडतो. शेवटपर्यंत नुसती गिटार वाजत राहिली. ताईने घाईघाईत सरावाची फाइल जोडली होती. त्या फाइलमध्ये गाणं नव्हतंच. तिचा आवाज तुमच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

ताईला ती फाइल ऐकवली. मला वाटलं, आता ती हसेल, खरं गाणं पाठवेल.

"राहू दे रे," ती म्हणाली. "न गाताच नापास झाले, गाऊन काय दिवे लावणार?" आणि तिने माईक विकायला काढला.

तर साहेब, वरच्या पट्टीत ज्याचा दम कमी पडला, तो आवाज कोणाचा होता? उत्तर मला नको. तिला लिहा.