लीलाबाईंच्या वावरात धुतलेला पंप

गौरी जेवल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी केतकीला धर्मपालचा फोन आला. ती सुट्टी काढून पुसदला घरी आली होती आणि आईनं नुकतंच ताट वाढलं होतं.

"मॅडम, ट्रेलर पांढरकवड्याच्या पुढं अडकला. पैनगंगेला पूर हाय, पुलावरून गाड्या सोडूनच नाई राह्यले. कधी सोडतीन ते पोलिसांले बी मालूम नाई."

केतकी राजमुंद्रीला तेल आणि वायूच्या विहिरींवर सिमेंटिंग करणाऱ्या कंपनीत यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी सांभाळायची. विहीर खोदून झाली की तिच्यात लोखंडी नळ उतरवतात आणि नळाच्या बाहेरची पोकळी सिमेंटच्या पातळ राड्यानं भरतात. तो राडा खाली ढकलणारा पंप त्या ट्रेलरवर होता. मध्य प्रदेशातलं काम आटोपून तो आंध्रात निघाला होता, आणि तिथली एक विहीर त्याची वाट पाहत होती.

पंप जुना होता. त्याची दोन इंजिनं बदलून झाली होती, रंग तर कितींदा दिला ते कुणाला आठवत नव्हतं. मारेगावचा धर्मपाल नोकरीला लागला तो याच पंपावर, आणि आता त्याच्या मिशा पिकल्या तरी तो याच पंपावर होता. नवीन यंत्रं आली, बंद पडली, गुजरातला दुरुस्तीला गेली. हा मात्र चालत राहिला, कारण प्रत्येक कामानंतर कुणी ना कुणी त्याला नीट धुतलं होतं.

"भाऊ, शेवटच्या कामानंतर धुतला ना तो?" केतकीनं विचारलं.

"पाण्याचा टँकर आलाच नाई, मॅडम. वरून ऑर्डर आली, लगेच निघा म्हणून. जेवढं पाणी होतं तेवढ्यात फिरवला."

केतकीला घास गोड लागेना. हात धुऊन तिनं यवतमाळची बस पकडली.

ती सकाळी तिथं पोचली तेव्हा महामार्गावर मैलभर ट्रक उभे होते. ड्रायव्हर लोक टायरच्या सावलीत स्टोव्ह पेटवून बसलेले. धर्मपालनं ट्रेलर शहाणपणानं बाजूला घेतला होता. रस्त्याला लागून एका शेतकऱ्यानं कापसाच्या गाड्या भरण्यासाठी मुरूम टाकून जागा केली होती, तिथं. काळ्या मातीत गेला असता तर तो ट्रेलर दिवाळीपर्यंत निघाला नसता.

केतकीनं पंपाच्या तोंडाची झाकणं उघडायला लावली. पहिलंच झाकण घणाचे ठोके खाऊन कसंबसं हललं. आत व्हॉल्व्हच्या खाली सिमेंट दगडासारखं बसलं होतं. राडा कालवायच्या टाकीच्या बुडाशीही त्याचा थर, आणि टाकीतून पंपाकडे येणारा नळ आतून अर्धा बुजलेला.

"हा असाच विहिरीवर गेला असता तर?" धर्मपाल हळूच म्हणाला.

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. सिमेंट एकदा विहिरीत सोडलं की ते कुणासाठी थांबत नाही. पंप अर्ध्यात गळपटला, तर राडा नळातच गोठतो आणि कोट्यवधींची विहीर वाया जाते. त्याहून वाईट म्हणजे वायूला वर यायला वाट मोकळी राहते, आणि वर माणसं उभी असतात.

"भाऊ, पूल सुरू होईस्तोवर आपण इथंच मोकळा करू. पाणी लागेल, खूप लागेल. आणि हवा."

पाणी समोरच होतं. वावरातली विहीर काठोकाठ भरलेली. कपाशीच्या पऱ्हाटीतून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होत्या. ती जागा आणि ते वावर त्यांचंच, लीलाबाईंचं. केतकीनं पुढं होऊन सगळं सांगितलं. लीलाबाईंनी भारा खाली टाकला आणि पंपाकडे एखाद्या आजारी बैलाकडे पाहावं तसं पाहिलं.

"पाणी ने ना, पोरी. इहिरीले काय तोटा हाय? पण लाइन दुपारलोकच राह्यते, तवालोक टाक्या भरून घ्या. अन् हे सिमिटाचं पाणी माह्या पऱ्हाटीत नको जाऊ देजा."

"नाही जाऊ देणार, मावशी. खड्डा करून त्यातच सोडतो. निघालेला गाळ पोत्यात भरून आमच्याबरोबर नेतो."

"मंग चालते. हवेचं म्हणत होती, ते कायले?"

"हवेवर चालणारी छिन्नी आहे आमच्याकडं, मावशी. पण हवा भरायचं मशीन नाही."

लीलाबाई हसल्या. "अवं, आमच्या पूनमसिंगचं बोअरचं मशीन पावसाळाभर तांड्यावर गंजत उभं हाय. थांब." त्यांनी कमरेचा फोन काढला.

पूनमसिंग आला तो बोअरच्या गाडीचा भलामोठा कंप्रेसर घेऊनच. उंच, रुंद खांद्यांचा माणूस. लीलाबाईंना तो 'याडी' म्हणायचा. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आईला म्हणतात तसं. लहानपणी आई वारल्यावर तो या वावरातच वाढला होता. त्यानं ट्रेलरला एक चक्कर मारली आणि दाबाच्या लोखंडी नळांवरून हात फिरवला.

"ताई, किती खोल जाते तुमची विहीर?"

केतकीनं सांगितल्यावर तो मोठ्यानं हसला. "आमी हजार फूट गेलो का मालक म्हणते, बस कर बावा! चला, सांगा काय करायचं ते. इथं मालकीण तुमी."

मग काम सुरू झालं. केतकी कुठला भाग कसा खोलायचा ते सांगायची आणि स्वतःही हात घालायची. धर्मपाल आत छिन्नी चालवायचा, पूनमसिंग हवा सांभाळायचा. सिमेंटचे तुकडे उडायचे, अंगावर पांढरी धूळ बसायची. घाई करून चालणार नव्हतं. व्हॉल्व्ह जिथं बसतो त्या कडेला छिन्नी लागली की ती जागा कायमची खराब. तिथं केतकी पितळेच्या पट्टीनं खरवडत बसली, खापरीतून मूल खरवड काढतं तशी जपून.

उन्हं चढली तेव्हा लीलाबाई तांब्याभर गुळाचं पाणी घेऊन आल्या. धर्मपालनं दोन पेले पोटात रिचवले आणि उरलेल्या पाण्याकडे पाहत राहिला.

"मॅडम, साखर संपली हाय आपली. पण याच्यात बी तेच हाय की."

केतकीला हसू आलं. साखरेनं सिमेंट घट्ट होत नाही, म्हणून विहिरीवर साखरेची पोती ठेवतात. पातळ थर सैल करायलाही तिचा उपयोग होतो. "मावशी, आणखी गूळ मिळेल? पंपाला पाजायचाय."

"मशिनीले गूळ?" लीलाबाईंनी कपाळाला हात लावला. पण घरात होती नव्हती ती भेलीही आणून दिली. टाकीच्या बुडाचा चिवट थर गुळाच्या पाण्यात रात्रभर भिजला, आणि सकाळी घासल्यावर खपली निघावी तसा सुटत गेला.

रात्री केतकी लीलाबाईंच्या घरीच झोपली. लीलाबाईंनी पिठलं-भाकर केली, तिच्या फुटलेल्या बोटांना खोबरेल लावलं. "एवढी शिकली, अन् हात कसे करून घेतले माय," एवढंच म्हणाल्या. आपली ना ओळख, ना पाळख, आणि तरी या घरात आपल्यासाठी अंथरूण टाकलंय, हे मनात घोळवतच केतकी आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी जुने रबर बदलले, ट्रेलरवरच्या पेटीतले नवे व्हॉल्व्ह बसवले, सगळीकडे ग्रीस भरलं. टाक्या विहिरीच्या पाण्यानं भरून केतकीनं सगळ्यांना लांब उभं केलं आणि धर्मपालला खूण केली. पंप घरघरला, मग एका लयीत चालू लागला. पुढची तोटी बंद करून दाब चढवला. काटा वर गेला आणि तिथंच थांबला. केतकी त्याच्याकडे पाहत राहिली. काटा जरासुद्धा उतरला नाही.

"धरलं!" धर्मपाल ओरडला. पूनमसिंगनं डोक्याचा रुमाल काढून हवेत फिरवला.

दुपारी पूल सुरू झाला. निघताना केतकी डिझेलच्या आणि गुळाच्या पैशांचं विचारू लागली, तर पूनमसिंगनं तिला हातानंच थांबवलं. "ताई, मशीन चालून राह्यली ना? मंग झालं." लीलाबाईंनी ट्रेलरच्या चाकांवर हळदकुंकू वाहिलं.

केतकीसकट पंप आंध्रातल्या विहिरीवर पोचला तेव्हा तयारी झालीच होती. सोबत दुसरा एक नवा पंप होता. साहेबांनी ठरवलं, नवा काम करेल आणि जुना मदतीला राहील. निम्मं सिमेंट खाली गेलं आणि नव्या पंपाचं इंजिन तापून बंद पडलं. क्षणभर सगळे गोठल्यासारखे उभे राहिले. धर्मपालनं कुणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. जुन्याची तोटी उघडली. केतकी नळांकडे आणि काट्यांकडे बघत उभी होती. पंप न अडखळता, न खोकता उरलेलं सगळं सिमेंट ढकलत गेला. शेवटी नळाच्या तोंडाशी ठरलेला दाब आला आणि टिकला.

विहिरीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. केतकीनं आधी पंप धुवायला लावला, टँकर रिकामा होईपर्यंत. मग एका बाजूला जाऊन लीलाबाईंना फोन केला. बोलायला लागली आणि तिला रडूच आलं.

"काहून रडून राह्यली, पोरी? झालं ना काम?"

"झालं, मावशी. तुमच्यामुळं झालं."

"माह्यामुळं कायले? पाणी देवानं देल्लं, हवा पूनमसिंगनं."

दिवाळीत केतकी पुन्हा त्या रस्त्यानं आली, या वेळी मुद्दाम. पऱ्हाटी फुटली होती, वावर पांढरं झालं होतं, लीलाबाई वेचणीत होत्या. केतकी त्यांच्या आणि पूनमसिंगच्या पाया पडायला वाकली, तर पूनमसिंग दोन पावलं मागं सरला. "अरे ताई, काय करता!" तिनं आंध्रातून पूतरेकुलू आणले होते, कागदासारख्या पातळ पापुद्र्यांत गूळ-तूप भरलेली मिठाई.

लीलाबाईंनी एक तुकडा उजेडाकडे धरला. "हा कागद खायचा हाय का?"

"खाऊन तर पाहा, मावशी."

त्यांनी जिभेवर ठेवला. तो विरघळला तसा त्यांचा चेहरा फुलला, आणि त्यांनी लगेच वेचणीच्या सगळ्या बायांना हाक मारली. केतकी डबा घेऊन वावराच्या कडेच्या धुऱ्यानं निघाली आणि एकेकीच्या हातावर एकेक पूतरेकुलू ठेवत गेली.