फळ्यावरचे साडेतीन किलो

मोर्शीच्या देवानंदरावांना मुलगी झाली, त्याच वर्षी मी त्यांच्या संत्र्यांच्या गोदामात आलो. ती पौर्णिमा आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, तेव्हा माझं वय तुम्हीच काढा. मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. खाली रुंद लोखंडी फळी, मागे उभा खांब आणि खांबावर दांडी. दांडीवरचं पितळी वजन सरकवायचं, दांडी सरळ थांबली की आकडा वाचायचा. एवढं साधं माझं काम आणि ते मी कधी चुकवलं नाही.

बारा हंगाम मी संत्र्यांच्या पेट्या तोलल्या. मग गोदामात बटणांचा नवा काटा आला. देवानंदरावांनी मला भंगारात घातलं नाही. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत म्हाताऱ्या, आजारी माणसांचं एक शुश्रूषागृह आहे, बावीस खाटांचं. तिथे त्यांनी मला देऊन टाकलं.

माझी रुंद फळी तिथे फार उपयोगी पडली. ज्यांना उभं राहता येत नव्हतं, ते चाकाच्या खुर्चीसकट माझ्यावर येत. खुर्चीचे अठरा किलो मग वजा करत. दर बुधवारी सकाळी बेबीताई एकेकाला आणायच्या. सगळ्यांना न्हाऊमाखू घालणाऱ्या, भरवणाऱ्या त्याच.

"चढा माय, संत्र्याचा काटा हाय. तुमच्यानं मोडत नाही," असं त्या गोदाबाईंना म्हणत.

गोदाबाई अंजनगाव सुर्जीच्या शेतकरीण. संत्र्याचे दोन बहार, मृगाचा आणि आंबियाचा, त्यांना तोंडपाठ. त्या कशाला गप्प बसतात! "मंग भाव बी सांग नं वो. आन् पाहून सांग, मी मृगाची का आंबिया बहाराची?"

"तुमी तं झाडावर राह्यलेल्या, माय. उतरवाले मानूसच भेटला नाही."

सगळी ओसरी हसायची. मलाही आपण कामाचे आहोत असं वाटायचं.

आमच्या वऱ्हाडात आजाऱ्याला भेटायला आलेला पाहुणा आधी त्याचं अंग बघतो. 'चांगले भरले तुमी' असं म्हटलं की घरचे निर्धास्त होतात. शुश्रूषागृहाचे व्यवस्थापक शेखरभाऊ यांनी म्हणून दारातच एक फळा लावला होता. ज्यांचं वजन वाढलं, त्यांची नावं त्यावर खडूनं लिहायची. नातेवाईक आले की आधी फळा वाचत आणि खूश होऊन आत येत. इथली देखभाल कशी आहे, हे विचारायची कोणाला गरजच वाटत नसे. तो फळा म्हणजे मला माझंच कौतुक वाटे.

गेल्या वर्षी जानेवारीत एका बुधवारी गोदाबाईंचं वजन आठवड्यात साडेतीन किलोनं वाढलेलं निघालं. शेखरभाऊंनी त्यांचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं. दुसऱ्या दिवशी शुश्रूषागृहाची तपासणी होती. तपासणीत चार चांगले शब्द बोलावेत म्हणून त्यांनी गोदाबाईंचा मुलगा गोपाल यालाही बोलावून घेतलं.

तपासायला अकोल्याहून दीक्षा नावाची नर्स आली. तिनं न्हाणीघरातल्या फरशीवर पाय घासून पाहिला, औषधांचं कपाट उघडलं, अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठी पाहिल्या. शेवटी शेखरभाऊंनी तिला फळ्यासमोर उभं केलं.

"मायले इथलं अन्न लागलं, मॅडम," गोपाल आनंदानं म्हणाला. "घरी तं जेवतच नव्हती."

दीक्षानं बेबीताईंना विचारलं, "जेवतात किती?"

"अर्धी भाकर. तेही मोडून मोडून."

"मग साडेतीन किलो कुठून आले?"

शेखरभाऊ म्हणाले, "काटा जुना आहे, मॅडम. बिघडला असेल."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर असा आळ कोणी घेतला नव्हता. पण मी डगमगलो नाही. दीक्षानं कोठीतून पंचवीस किलोचा न फोडलेला तांदळाचा कट्टा मागवून माझ्यावर ठेवला. दांडी पंचविसावर सरळ थांबली.

"काटा खरा आहे," ती म्हणाली आणि गोदाबाईंच्या पायाशी बसली. लुगडं थोडं वर करून नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"आजी, झोप लागते का?"

"निजलं का दम लागते, पोरी. बसूनच रायतो."

"काहून सांगितलं नाही, माय?" गोपाल तिच्याजवळ खाली बसला.

"सारे मले भरली भरली म्हनत होते. मंग काय सांगू?"

दीक्षा उठली. "हे अंग भरलेलं नाही. हृदय थकलंय, पाणी साचतंय. गाडी बोलवा, आत्ताच." वाट पाहताना तिनं उशा लावून गोदाबाईंना टेकून बसवलं. गोपाल आईचा हात सोडेना. आणि मी? मी तर आकडा बरोबर सांगितला होता. पण तो वाचून सगळे हसत असताना त्या बाईचा श्वास कोंडत होता.

अकरा दिवसांनी गोदाबाई दवाखान्यातून परत आल्या. मी मोजलं, वजन चार किलोनं घटलं होतं.

"उतरली नं माय!" गोपाल ओरडला आणि रडला. वजन घटल्यावर एवढा आनंद मी पहिल्यांदाच पाहिला.

फळा आता नाही. बुधवारी बेबीताई आकडा लिहितात, मग पाय दाबून पाहतात, किती खाल्लं, झोप लागली का, ते विचारतात. काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवतात. मित्रांनो, तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाचा आकडा जरूर लिहून ठेवा, पण तो वाचताना त्याच्याजवळ बसा.

फळा उतरवला त्या दिवशी बेबीताईंनी माझ्या नोंदींची जुनी वही काढली आणि पानं मागे उलटत गेल्या. एका पानावर त्या थांबल्या. सात नंबरच्या खाटेवरचे नत्थुजी. आठवड्यात चार किलो वाढले होते, फळ्यावर त्यांचं नाव सर्वांत वर होतं आणि बेबीताईंनी त्यांना हारही घातला होता. तो बुधवार ७ ऑगस्ट २०२४ चा. नत्थुजी ११ ऑगस्टला, रविवारी सकाळी, खाटेवर बसल्या बसल्या वारले.