सोयरिकीत घुसलेली बंदुकीची सीडी

मित्रांनो, असं वाकून बघू नका. वाकून बघणाऱ्याचा मला आधीच संशय येतो.

मी एक जुनी सीडी आहे. अंगावर मार्करनं ‘शूटिंग, लई भारी’ असं लिहिलंय. माझ्या पोटात बंदुकीचा गेम आहे. पडद्यावर खाली नुसती बंदूक दिसते, ती धरणारा माणूस दिसत नाही, कारण तो माणूस म्हणजे खेळणारे तुम्हीच. बाकी सगळे राक्षस. दाराआड राक्षस, जिन्याखाली राक्षस, आणि जिथं कुणीच दिसत नाही तिथं तर हमखास. असल्या घरात वाढल्यावर मी कुणावर भरवसा ठेवायचा?

लोक म्हणतात मी नक्कल आहे. मला तर अस्सल म्हणवणारीचाच संशय येतो. ते असो. वीसेक वर्षांपूर्वी मी लोहाऱ्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आले. पोरं टायपिंग शिकायला यायची आणि सर चहाला गेले की मला आत सरकवायची. काय मान होता माझा! गोळ्या, किंकाळ्या, रक्ताचे सडे! सरांच्या चपला वाजल्या की एका बटणात सगळं गायब, आणि पोरं माना खाली घालून ए-एस-डी-एफ बडवायला लागायची.

त्यातलाच एक श्रीनाथ. क्लास बंद पडला तेव्हा त्यानं तिथला जुना कॉम्प्युटर घरी नेला, सोबत मलाही. पुढं घरोघरी मोबाईल आले आणि मला कोण विचारतंय? माझ्यासोबतच्या सीड्या ज्वारीत पाखरं हाकायला टांगल्या. मी वाचले, कारण श्रीनाथच्या आईनं, धुरपताबाईंनी, मला शेळीच्या दुधाच्या पेल्यावर झाकण म्हणून ठेवलं. पोटात एवढे राक्षस, आणि काम काय, तर माश्या अडवायचं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. श्रीनाथ आता तहसीलमध्ये कारकून, पस्तिशीला टेकलेला. त्याला बेंबळीच्या ज्ञानेश्वरीचं स्थळ आलं होतं. आधीची स्थळं कुठं ना कुठं अडून मोडलेली. “ह्ये बी गेलं तर तुला शेळीसंगंच उजवते बग,” असं धुरपताबाई म्हणायच्या. आता फक्त चौकशी बाकी होती. म्हणजे मुलीकडचा कुणीतरी सोंग घेऊन येणार, मुलाचं घरदार बघणार आणि गुपचूप निघून जाणार. कोण आणि कधी, ते सांगायचं नसतं.

त्या रविवारी श्रीनाथनं मला पेल्यावरून उचललं, बनियननं पुसलं आणि कॉम्प्युटरात घातलं. बराच वेळ घरघर झाली. मग तो ओरडला, “चालतंय की गं, माय!” आणि खोलीत गोळीबार सुरू झाला.

तेवढ्यात अंगणात ज्ञानेश्वरीचे मामा गुंडाप्पा हजर. सोंग होतं शेळी घेणाऱ्याचं. मी आत गरगर फिरत होते, पण खिडकीतनं सगळं कळत होतं.

“अक्का, शेळी बगायची व्हती.”

“बगा की.”

पण गुंडाप्पांनी शेळीचे दात बघितलेच नाहीत. त्यांनी स्लॅब बघितला, पाण्याची टाकी ठोकली, संडासाचं दार उघडून आत डोकावलं आणि हळूच विचारलं, “दारू-बिरू पितं का कुणी?”

“शेळी न्हाय पीत,” धुरपताबाई म्हणाल्या.

त्यांचा संशय पक्का झाला. शेळीचं तोंड सोडून घराची दारं बघणारा माणूस गिऱ्हाईक नसतो, चोर असतो. “आत बसा, पाणी पिऊन जावा,” म्हणत त्यांनी गुंडाप्पांना श्रीनाथच्या खोलीत लोटलं, बाहेरनं कडी घातली आणि गल्लीत धावल्या. “चोर घावलाय! काठ्या घिऊन या!”

आत अंधार. श्रीनाथ दाराकडं पाठ करून बसलेला. “ये मुडद्या, ये! आज एकाला बी जित्ता सोडत न्हाय!” त्यावर माझी एक लांबलचक किंकाळी.

गुंडाप्पा सरळ खाटेखाली गेले. तिथनं त्यांनी दबक्या आवाजात बहिणीला, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आईला, फोन लावला. “ताई, पोरगं खून करायलंय. किती म्हणून काय इचारतीस? मोजायला घावंनात!”

मग त्यांना पडदा दिसला. फोन तसाच चालू राहिला. थोडा वेळ ते बघत बसले, आणि शेवटी राहवेना म्हणून ओरडले, “आरं पोरा, मागं बग! दाराआड हाय एक!”

श्रीनाथनं वळून गोळी घातली. खाटेखाली कोण बोलतंय, हे त्यानं विचारलंच नाही. “आजून हायत का?”

“जिन्याखाली बग. दडायच्या जागा मला म्हाईत हायत.”

जन्मभर लोकांच्या घरात डोकावलेला माणूस! माझा एकही राक्षस त्यांच्या नजरेतनं सुटेना. ज्या भुयारात श्रीनाथ शाळकरी असल्यापासून मरत आला होता, ते दोघांनी मिळून पार केलं. हे माझ्याच जिवावर उठलेत, असा मला दाट संशय आला.

कडी निघाली. दारात धुरपताबाई, मागं काठ्या घेतलेली गल्ली.

“ह्योच त्यो चोर!”

“चोर न्हाय वो अक्का,” गुंडाप्पा खाटेखालनं रांगत बाहेर आले. “ज्ञानेश्वरीचा मामा हाय म्या.”

काठ्या पटापट पाठीमागं गेल्या. धुरपताबाई उंबऱ्यावर मटकन बसल्या. “गेलं. ह्ये बी गेलं.”

एवढ्यात खाटेखालनं फोन बोलला, “गुंडू, जित्ता हायस का? आरं, पोरगं कसं हाय?”

गुंडाप्पांनी फोन उचलला, धूळ झटकली. “जित्ता हाय. पोरगं निर्व्यसनी हाय, हात थरथरत न्हाय. पर एक खोड हाय, ताई. मागं काय चाललंय ते बगतच न्हाय. खाटंखाली माणूस शिरला तरी कोण म्हणून इचारत न्हाय.”

पलीकडनं ज्ञानेश्वरीचा आवाज आला, “मामा, मग जमतंय. तेवढं म्या बगीन.”

लग्न झालं. आता रविवारी ज्ञानेश्वरी मला काढते. दोन्ही बाजूंनी निरखते, काठावर धरते, चमकत्या बाजूला बोट लागू देत नाही. खेळताना तर पडलेल्या राक्षसालाही जवळ जाऊन आणखी एक गोळी घालते, खरंच मेला का बघायला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचा तरी भरवसा वाटायला लागलाय.

मित्रांनो, जुन्या वस्तू अशा माणसांमुळं टिकतात. तुमच्या घरात असं कुणी नसेल, तर तुम्हीच व्हा. आणि मला हात लावायच्या आधी तेवढे हात दाखवा बघू. धुतलेत म्हणता, पण मला संशय आहे.